दोन मोकळ्या ओळी

फलटणला एक मुलगा होता. त्याचे वडील टेंपो चालवायचे. मोसमात डाळिंबं, एरवी भाजी नाहीतर सिमेंटची पोती. आई घरीच शिवणकाम करायची. 2012 साली मुलगा दहावी पास झाला. गुण चांगले पडले होते. आईने राममंदिरात नारळ फोडला आणि गल्लीत पेढे वाटले.

त्या सुमारास गावाबाहेर कमिन्स कंपनीचे इंजिनांचे कारखाने उभे राहत होते. सकाळी कंपनीच्या कपड्यांतली पोरं नाक्यावर बसची वाट बघत उभी असायची. एक दिवस मुलगा वडिलांबरोबर टेंपोतून चालला होता. वाटेत टेंपो कडेला घ्यावा लागला. पाच-सहा चकचकीत गाड्या ओळीने पुढे निघून गेल्या.

“कोण गेलं हो बाबा?” मुलाने विचारलं.

“कंपनीचा कुणीतरी मोठा साहेब असंल,” वडील म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला.

मुलाने तेव्हाच मनात धरलं, आपण मोठा साहेब व्हायचं.

पण त्यासाठी शिकायचं काय, हे त्याला कळेना. मामा म्हणाला, “एमबीए कर. साहेब लोक सगळे एमबीए असतात.” क्लासचे सर म्हणाले, “आयआयटीशिवाय बोलूच नकोस. आजच नाव घाल.” सलूनवाल्याने कात्री थांबवली आणि तो म्हणाला, “शिकून कोण मालक झालंय? शिकलेले मालकाकडं नोकरीला असतात.” मुलाला तिघांचंही खरं वाटलं. त्यामुळे तो जास्तच गोंधळला.

गल्लीच्या टोकाला एक आजोबा लेकीकडे राहत होते. ते किर्लोस्करवाडीच्या फाउंड्रीत मोल्डर होते. उभा जन्म काळ्या वाळूत गेला होता. शिक्षण चौथीपर्यंत. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेनात, म्हणून परसात पत्र्याच्या आडोशाला त्यांनी एक लहानशी भट्टी मांडली होती. ॲल्युमिनियमची मोड वितळवून ते कुणाला पंपाचं झाकण, कुणाला मशीनची पुली ओतून द्यायचे.

मुलगा त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, “आजोबा, मोठा साहेब व्हायला काय शिकावं लागतं?”

आजोबा म्हणाले, “मला काय ठाऊक? मी साहेब झालो नाही. जे झाले त्यांचं बघ.” आणि त्यांनी फळीवरची एक कोरी वही काढून दिली. “एका पानावर एक माणूस. डावीकडं तो काय शिकला ते लिही. उजवीकडं त्यानं काय काम केलं ते लिही. आणि पानाच्या डोक्यावर एक ओळ अन् तळाला एक ओळ मोकळी सोड.”

“त्या ओळींत काय लिहायचं?”

“ते मागनं बघू.”

मुलगा वाचनालयात बसू लागला. मामाच्या मोबाईलवर शोधू लागला. पहिलं पान त्याने गावाशेजारच्या कारखान्याच्या सर्वांत मोठ्या साहेबाला दिलं. टॉम लाइनबार्गर नावाचे ते गृहस्थ त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेत कमिन्सचे प्रमुख झाले होते. डावीकडे त्याने लिहिलं : स्टॅनफर्ड विद्यापीठ, इंजिनिअरिंग आणि एमबीए. मुलगा खूश झाला. मामाही बरोबर होता आणि क्लासचे सरही.

मग त्याने त्याच कंपनीच्या संस्थापकाचं पान घेतलं. क्लेसी कमिन्स. डावीकडे लिहायला घेतलं आणि तो थबकला. आठवी. पुढे काही नाही. शेतकऱ्याचा मुलगा, हाताने यंत्रं जुळवणारा, विल्यम इर्विन नावाच्या एका बँकवाल्याच्या मोटारीवरचा ड्रायव्हर. याच माणसाने 1919 साली इंजिनांची कंपनी काढली होती.

तिसरं पान वालचंद हिराचंद यांचं. फलटणहून नीरा ओलांडली की इंदापूर तालुक्यात त्यांच्या नावाचं वालचंदनगर लागतं. वालचंदांनी आगबोटी चालवल्या, विमानांचा कारखाना काढला, मोटारी बनवल्या. डावीकडे मात्र मुलाला लिहावं लागलं : बी.ए. अर्धवट सोडलं.

चौथं पान लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. आजोबांच्या किर्लोस्करवाडीचे मूळ पुरुष. नांगर आणि पंप बनवणारा हा माणूस मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला होता. पाचवं पान त्यांच्या मुलाचं, शंतनुरावांचं. ते 1926 साली अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाले. सहावं बाबा कल्याणींचं. तेही पिलानीला शिकून एमआयटीला गेले आणि 1972 साली भारत फोर्जमध्ये आले.

वही भरत गेली तसा मुलाचा गोंधळ वाढत गेला. एका पानावर आठवी, दुसऱ्यावर स्टॅनफर्ड. एकावर चित्रकला, एकावर काहीच नाही. शेवटी त्याने आपल्या सोयीचा अर्थ काढला. ज्यांनी मुळात कारखाने काढले ते फारसे शिकलेलेच नव्हते. मग आपण तरी वर्षं कशाला घालवायची?

पालखी फलटणात मुक्काम करून पुढे गेली. डिप्लोमाच्या फॉर्मची मुदत संपत आली, तरी मुलाने फॉर्म भरला नाही. “मी शिकणार नाही. मी धंदा करणार,” त्याने घरात सांगितलं. आई रडली. वडील काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मुलाला हाताला धरून आजोबांकडे नेलं आणि म्हणाले, “वही तुम्ही दिलीत. आता तुम्हीच बघा.”

आजोबा रागावले नाहीत. “धंदा करायचाय ना? चांगलं आहे,” ते म्हणाले. “मग उद्या एक पुली ओतून दे. गिऱ्हाईक थांबलंय.”

दुसऱ्या दिवशी मुलगा सकाळीच आला. आजोबांनी त्याला वाळू चाळायला लावली, तिच्यात माती आणि बेताचं पाणी घालायला लावलं. मूठ आवळून उघडली की वाळूवर बोटांचे ठसे राहिले पाहिजेत, एवढीच ओल. पेटीत लाकडी पॅटर्न ठेवून मुलाने वाळू ठोकून बसवली. रस ओतायला भोक ठेवलं. मग पॅटर्न अलगद काढून घेतला.

“आता तारेनं वाळूला भोकं पाड,” आजोबा म्हणाले. “बारीक. भरपूर.”

मुलगा घाईत होता. त्याने दोन-चार भोकं पाडली आणि पेटी मिटली. भट्टीतला रस तयार झाला होता. आजोबांनी चिमट्याने मूस उचलली आणि रस ओतला. तासाभराने साचा फोडला. पुली बाहेर आली. चकचकीत, गोल, कुठे चरा नाही. मुलगा हरखला.

आजोबांनी पुली हातात घेतली, उलटसुलट केली आणि हॅकसॉ त्याच्या हातात दिला. “काप मधोमध.”

मुलाला वाईट वाटलं. पण त्याने कापली. आत जागोजागी पोकळ्या होत्या. काही मुगाएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या.

“गिऱ्हाइकानं ही मशीनला लावली असती तर पंधरा दिवसांत फुटली असती,” आजोबा म्हणाले. “रस आत यायची वाट तू ठेवलीस. आतला वायू बाहेर जायची वाट ठेवली नाहीस. मग तो आतच कोंडून बसतो. वरनं वस्तू देखणी, आत पोकळ.” त्यांनी अर्धा तुकडा मुलाच्या हातात ठेवला. “हा जपून ठेव. आता वही काढ.”

मुलाने वही काढली.

“लक्ष्मणरावांच्या पानावर उजवीकडं काय लिहिलंस?”

“नांगर, पंप, कारखाना,” मुलगा म्हणाला.

“एवढंच?” आजोबांनी विडी पेटवली आणि सांगायला लागले.

“लक्ष्मणराव बेळगावकडचे. वडिलांचा विरोध असताना चित्रकला शिकायला मुंबईला गेले. दोन वर्षं झाली आणि कळलं, की त्यांना काही रंग नीट दिसतच नाहीत. चित्रकाराला रंग दिसत नाहीत म्हटल्यावर संपलं. पण ते घरी परतले नाहीत. रंग लागत नाही असं चित्र कुठलं, तर यंत्राचं. ते यंत्राची ड्रॉइंगं काढायला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवायला लागले. तिथं बढती मिळायची वेळ आली तेव्हा ती दुसऱ्याला मिळाली. मग नोकरी सोडली. बेळगावला भावाबरोबर सायकलींचं दुकान टाकलं. कडबा कापायची यंत्रं केली. लोखंडी नांगर केला. तो नांगर दोन वर्षं कुणी घेईना. लोक म्हणायचे, लोखंडानं जमिनीत विष भिनतं. त्यातच बेळगावची जागा सोडायची पाळी आली. शेवटी 1910 साली कुंडल रोड स्टेशनजवळ एका माळावर आले. निवडुंग आणि साप. तिथं वाडी वसवली.”

आजोबांनी विडी विझवली. “आता सांग, हा माणूस शिकला नव्हता?”

मुलगा गप्प बसला.

“चाळिशी ओलांडेपर्यंत तो शिकतच होता. डिग्री नव्हती, एवढंच. आणि ज्याच्याकडं डिग्री नव्हती, त्यानंच लेकाला सातासमुद्रापार डिग्रीला पाठवलं. पोरगा अमेरिकेहून इंजिनिअर होऊन आला, तो थेट वाडीच्या कारखान्यात कामाला लागला. बापानं सुरू केलं, लेकानं वाढवलं. पुण्यातला ऑइल इंजिनचा कारखाना लेकाच्या हातचा, 1946 सालचा. तू बापाचं पान वाचलंस आणि लेकाचं उलटून टाकलंस.”

मुलाने मान खाली घातली. पण त्याला दुसरं पान आठवलं. “आणि क्लेसी कमिन्स? तो तर आठवीच होता.”

“त्याच्यानंतर कंपनी कुणी वाढवली, बघितलंस का?”

मुलाने बघितलं नव्हतं. दोन दिवसांनी तो वाचून आला. इर्विन बँकवाल्याच्या भाचीचा मुलगा, इर्विन मिलर, येल आणि ऑक्सफर्डला शिकून आला होता. 1934 साली त्याने कंपनीचा कारभार हातात घेतला आणि ती जगभर नेली. आठवी शिकलेल्याने उभी केलेली कंपनी ऑक्सफर्डवाल्याने मोठी केली होती.

“आता वरची ओळ,” आजोबा म्हणाले. “तिथं लिही, याला वाट कुणी दिली.”

मुलगा पान उलटत गेला. लक्ष्मणरावांच्या डोक्यावर त्याने लिहिलं : थोरले भाऊ रामुअण्णा. वडील नको म्हणत असताना त्यांनीच धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला होता. त्यापुढे लिहिलं : औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. बेळगावची जागा गेली तेव्हा त्यांनी माळावरची जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. शंतनुरावांच्या डोक्यावर लिहिलं : वडील. वालचंदांच्या डोक्यावर : लक्ष्मणराव फाटक. हे एकेकाळचे रेल्वेतले कारकून. रेल्वेच्या कंत्राटांतलं बारीकसारीक त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याच भागीदारीत वालचंदांनी कंत्राटाचा धंदा सुरू केला.

क्लेसी कमिन्सच्या डोक्यावर त्याने लिहिलं : इर्विन. मग थोडं थांबून त्याची हकिगत आजोबांना सांगितली. क्लेसीच्या पहिल्या इंजिनांतली पुष्कळशी शेतकऱ्यांनी वापरून परत पाठवली होती. मालकाचे पैसे वर्षानुवर्षं बुडत होते. 1929 च्या नाताळात क्लेसीने एका जुन्या पॅकार्ड गाडीत आपलं डिझेल इंजिन बसवलं आणि इर्विनला तीत बसवून फिरवून आणलं. इर्विनने पुन्हा पैसे घातले. कंपनीला पहिला नफा व्हायला 1937 साल उजाडलं.

“म्हणजे सुरू करून किती वर्षं झाली?”

“अठरा.”

“अठरा वर्षं दम धरणारा माणूस पाठीशी होता,” आजोबा म्हणाले. “बघ बरं, एका तरी पानावरची वरची ओळ मोकळी राहिली का?”

एकही राहिली नव्हती.

“तुझ्या पानावर काय लिहिशील?”

दाराशी टेंपो थांबल्याचा आवाज आला. वडील मुलाला न्यायला आले होते. मुलगा उठला. दुसऱ्या दिवशी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, त्याने डिप्लोमाचा फॉर्म भरला.

“आणि खालची ओळ?” त्याने जाताना विचारलं होतं.

“ती त्या पुलीच्या तुकड्यात आहे,” आजोबा म्हणाले होते. “वेळ आली की दिसंल.”

मुलगा मेकॅनिकलच्या डिप्लोमाला लागला. मन लावून शिकला. पहिल्या वर्षी ड्रॉइंगमध्ये वर्गात सर्वांत जास्त गुण त्याला पडले. दुसऱ्या वर्षी शेजारची एक मुलगी त्याच कॉलेजात आली. तिची आई मंडईत भाजी विकायची. मुलगी एक दिवस ड्रॉइंगचा कागद घेऊन आली आणि म्हणाली, “दादा, एवढं समजावून सांग ना.”

“माझी परीक्षा आहे,” तो म्हणाला. परीक्षा होती हे खरं होतं. पण आपण रात्री जागून मिळवलेलं दुसऱ्याला फुकट का द्यायचं, असंही त्याच्या मनात आलं होतं. ही उद्या आपल्याच पुढे गेली तर?

मुलगी गेली. चार दिवसांनी परत आली. या वेळी त्याला नाही म्हणवेना. त्याने कागद पसरला. एका ठोकळ्याची तीन चित्रं काढली. समोरून बघितलेलं, वरून बघितलेलं, बाजूने बघितलेलं. त्याचं झरझर काढून झालं.

मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “दादा, वरून बघितलेलं चित्र खाली का काढलं? ते वर नको का?”

मुलगा हसला आणि सांगायला गेला. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्याला उत्तर येत नव्हतं. तो वर्षभर ते चित्र खालीच काढत आला होता. त्याचे त्याला गुणही पडले होते. पण का, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

“उद्या सांगतो,” तो म्हणाला.

त्या रात्री तो जागला. पुस्तक पुन्हा वाचलं. एक काड्यापेटी घेतली, कागदावर धरली, वरून बघितली. शेवटी उमगलं. वस्तू मध्ये असते, बघणारा वर असतो आणि कागद वस्तूच्या खाली असतो. वरून जे दिसतं ते खालच्या कागदावर उमटतं. मग तो कागद समोरच्या चित्राच्या पातळीत उघडला, की ते चित्र आपोआप खाली येतं. एवढीशी गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी त्याने काड्यापेटी घेऊन ती मुलीला दाखवली. तिला लगेच समजलं. समजलं तेव्हा ती एवढ्या आनंदाने हसली, की त्यालाही बरं वाटलं.

घरी येऊन त्याने पेटीतून पुलीचा तुकडा काढला. त्यातल्या पोकळ्या बघितल्या. मग वही काढली आणि पहिल्यापासून पुन्हा वाचली. या वेळी तो वेगळंच काहीतरी शोधत होता.

रविवारी तो आजोबांकडे गेला. “सापडल्या तेवढ्या खालच्या ओळी भरल्या,” तो म्हणाला.

“वाच.”

“वर लिहिलं याला वाट कुणी दिली. खाली लिहिलं याच्यामुळे पुढे कोण शिकलं.”

आजोबा सावरून बसले.

मुलगा वाचू लागला. वालचंदांनी कॉलेज अर्धवट सोडलं होतं. पण सांगलीत 1947 साली सुरू झालेलं इंजिनिअरिंग कॉलेज आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. ज्याची स्वतःची पदवी राहिली, त्याच्या नावाच्या पदव्या घेऊन हजारो पोरं बाहेर पडली. क्लेसी आठवीत थांबला. पण पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने 1991 साली फक्त मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, त्याला त्याच्या कंपनीचं नाव आहे. लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांनासुद्धा वाडीत काम दिलं, राखणदारी सोपवली. त्यांच्या मुलाने पुढे 1962 साली कमिन्सशी भागीदारी करून पुण्यात इंजिनांचा कारखाना काढला.

“म्हणजे फलटणच्या बाहेर जी कंपनी आहे ना आजोबा, ती या देशात तुमच्या वाडीच्या माणसाचा हात धरून आली.”

आजोबांना ते ठाऊक होतं. तरी ते ऐकत राहिले.

“आणखी एक सापडलं,” मुलगा म्हणाला. “किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील विकत एक माणूस गावोगाव हिंडायचा. तो स्वतः मॅट्रिकही झाला नव्हता. त्याने 1919 साली कऱ्हाडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली.”

“कर्मवीर भाऊराव.”

“त्यांचं नाव लक्ष्मणरावांच्या खालच्या ओळीत लिहू का?”

आजोबांनी जरा विचार केला. “नको. भाऊरावांचं काम भाऊरावांचंच. त्यांना वेगळं पान दे. आणि त्यांच्या पानाची खालची ओळ भरायला मात्र ही वही पुरायची नाही.”

डिप्लोमा झाल्यावर मुलगा पुण्याकडच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागला. यंत्रावर उभा राहिला. चुका केल्या, बोलणी खाल्ली, शिकला. दोन वर्षांनी त्याच्या हाताखाली नवी पोरं आली. लाइनवरचे जुने लोक त्याला म्हणाले, “सगळं दाखवू नको. थोडं आपल्याकडं ठेव. तरच तुला किंमत राहील.” त्याने ते ऐकून घेतलं. पण पोरांना मात्र तो सगळं दाखवत राहिला. यंत्र का थरथरतं, टूल कधी बदलायचं, मोजताना कुठे फसायला होतं. एखाद्याने का म्हणून विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर तो म्हणायचा, “उद्या सांगतो.” आणि दुसऱ्या दिवशी सांगायचा. नोकरी करता करता संध्याकाळच्या वर्गाला बसून तो पदवीचा अभ्यासही करत होता.

2022 साली कारखान्यात वरची एक जागा रिकामी झाली. तिघांना मुलाखतीला बोलावलं. तिघेही कामात पक्के. एकाची पदवी मोठी होती, एकाची नोकरी सर्वांत जुनी होती. साहेबांनी तिघांनाही इकडचं तिकडचं विचारलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला. “तुम्हाला उद्या वर घेतलं तर तुमची आत्ताची जागा कोण सांभाळेल?”

पहिला म्हणाला, “साहेब, तिथलं काम अवघड आहे. मी वरून लक्ष ठेवीन.”

दुसरा म्हणाला, “माझ्याशिवाय ती लाइन एक दिवस चालत नाही. कुणालाही विचारा.”

हा म्हणाला, “दोघंजण सांभाळतील.” आणि त्याने दोन नावं सांगितली. “गेल्या महिन्यात बहिणीच्या लग्नाला मी आठ दिवस गावी होतो. लाइन त्यांनीच चालवली. मला एकही फोन आला नाही.”

साहेबांनी रजेचा आणि उत्पादनाचा तक्ता मागवला आणि ते आठ दिवस तपासले. आकडे नेहमीसारखेच होते. जागा त्याला मिळाली. ज्याच्याशिवाय लाइन एक दिवस चालत नव्हती, त्याला लाइनवरच ठेवणं कारखान्याला भाग पडलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत कमिन्सचा प्रमुख बदलला. लाइनबार्गरांच्या जागी जेनिफर रमसी आल्या. कंपनीच्या इतिहासात त्या जागेवर बाई पहिल्यांदाच आली. ज्या कोलंबस गावात कंपनीचं मुख्य ठाणं आहे, त्याच गावात त्या वाढल्या. पर्ड्यू विद्यापीठात आणि एमआयटीत इंजिनिअरिंग शिकल्या. 2000 साली कंपनीत लागल्या आणि बावीस वर्षांत एकेक पायरी चढत वर पोचल्या. लाइनबार्गर प्रमुख असतानाच त्यांच्यावर एकेक मोठी जबाबदारी आली होती. मुलगा गणपतीला घरी आला तेव्हा त्याने वही काढली. रमसीबाईंना नवं पान दिलं. आणि वहीच्या पहिल्या पानावर, दहा वर्षं मोकळी राहिलेली लाइनबार्गरांची खालची ओळ त्याने भरून टाकली.

मोठ्या जागेवरचा माणूस किती शिकला, हे आपण विचारतो आणि त्याच्या पदव्या मोजतो. पदव्या खोट्या नसतात. त्यांनी डोळे उघडतात, म्हणून तर न शिकलेल्या बापांनी पोटाला चिमटा घेऊन लेकरांना शिकवलं. पण शिक्षण आत येतं तसं ते बाहेरही जावं लागतं. कुणीतरी आपल्याला वाट दिलेली असते, हे विसरणारा माणूस गर्विष्ठ होतो. आणि आपल्याजवळचं दुसऱ्याला न देणारा माणूस जिथे आहे तिथेच अडकून पडतो, मग तो आठवी शिकलेला असो की एमआयटीला. ज्याला वर जायचं आहे, त्याने आपल्या जागेवर बसू शकेल असं माणूस आधी तयार करावं.